सम्पमध्ये भरायचं काय? खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी बायो मीडिया

विश्रांतवाडीतून बोलतोय. मागून हॉर्नचे आवाज येतील, आळंदी रोडला इलाज नाही, तेवढं चालवून घ्या. आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. खाऱ्या पाण्याची टाकी आहे, खाली सम्प आहे, आता त्यात बायो मीडिया कुठला टाकायचा?

धानोरीच्या एका श्रोत्याचा मेसेज वाचतो. "दादा, टाकी आणि सम्प मिळून २०० लिटर पाणी आहे. दोन क्लाउनफिश, एक ब्लेनी आणि एक क्लीनर कोळंबी ठेवायची आहे. दुकानदार म्हणतो सिरॅमिकचा मोठा ब्लॉक घे. मित्र म्हणतो बायो बॉल भर. आणखी एक जण म्हणतो, समुद्रातल्या प्रवाळाचे तुकडे आणून देतो, त्यासारखं दुसरं काही नाही. पैसे एकदाच घालायचेत. काय करू?"

उत्तर देतो, पण लगेच नाही. आधी हा मीडिया नेमकं काय काम करतो ते बघू. ते एकदा डोक्यात बसलं की दुकानात तुम्हाला कोणी गुंडाळू शकणार नाही.

नवीन मंडळींसाठी सांगतो, सम्प म्हणजे कामगारांचा संप नव्हे. मुख्य टाकीच्या खाली कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपने खाली येतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते परत वर पाठवतो. हीटर, स्किमर, मीडिया, सगळा पसारा खाली. वर फक्त मासे दिसतात.

मीडिया स्वतः काहीच करत नाही

मासे खातात आणि अमोनिया बाहेर टाकतात, त्यातला बराचसा कल्ल्यांमधूनच. उरलेलं खाद्य कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. याला नायट्रिफिकेशन म्हणतात. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले होते. म्हणजे गोष्ट नवी नाही.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते कुठल्या तरी पृष्ठभागाला चिकटून राहतात. काचेला, वाळूला, पाइपला, दगडाला, सगळीकडे त्यांचा बुळबुळीत थर असतो. बायो मीडिया म्हणजे त्यांना राहायला दिलेली जास्तीची जागा. चाळ म्हणा हवं तर. काम भाडेकरू करतात, चाळ नाही.

खाऱ्या पाण्यात हे काम बिघडलं तर मासा लवकर मरतो. कारण पीएच. पाण्यातल्या अमोनियाची दोन रूपं असतात, एक कमी विषारी आणि एक जास्त. पीएच वाढला की जास्त विषारी रूपाचा वाटा वाढतो. गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच ७ असेल आणि तुमच्या समुद्री टाकीचा ८.२, तर तेवढ्याच एकूण अमोनियात विषारी भाग दहापटीहून जास्त भरतो. त्यामुळे "माझ्या गप्पीला तर काही झालं नव्हतं" हा अनुभव इथे कामाचा नाही. नायट्राइटचं मात्र उलट आहे. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते गोड्या पाण्याइतका त्रास देत नाही.

तुमच्या सोसायटीच्या तळघरात हेच चालू आहे

धानोरी, टिंगरेनगर, कळस या पट्ट्यात मोठ्या सोसायट्या भरपूर. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असतो, आपण ज्याला एसटीपी म्हणतो. तुमच्याकडे एमबीबीआर पद्धतीचा प्लांट असेल तर कधी वॉचमन काकांना किंवा ऑपरेटरला विचारून आत डोकावा. खालून हवा सोडलेली असते आणि पाण्यात चाकासारखे छोटे छोटे प्लास्टिकचे तुकडे गरगर फिरत असतात. ही पद्धत नॉर्वेत १९८०च्या दशकाच्या शेवटी तयार झाली. आज ती जगभर सांडपाण्यासाठीही वापरतात आणि मत्स्यपालनातही.

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात 'मूव्हिंग बेड मीडिया' म्हणून मिळतं ते याच घराण्यातलं. चारशे फ्लॅटचं पाणी ज्याने हाताळता येतं, त्यापुढे आपले दोन क्लाउनफिश म्हणजे किस झाड की पत्ती!

किती लागतो? करा हिशोब

आता मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. मत्स्यपालनात एक सोपं सूत्र वापरतात. दिवसाचं खाद्य किती ग्रॅम, गुणिले त्यातलं प्रथिनांचं प्रमाण, गुणिले ०.०९२. उत्तर येतं ते दिवसाला तयार होणारं अमोनिया-नायट्रोजन.

आपल्या श्रोत्याची टाकी घेऊ. तीन लहान जीव आणि एक कोळंबी, दिवसाला एक ग्रॅम कोरडं खाद्य म्हणजे अगदी सढळ हात झाला. खाद्यात ४५ टक्के प्रथिनं धरू. १ गुणिले ०.४५ गुणिले ०.०९२. आलं साधारण ०.०४१ ग्रॅम, म्हणजे ४१ मिलिग्रॅम. हे २०० लिटर पाण्यात पसरलं आणि कोणीच खाल्लं नाही, तर दिवसाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम वाढत जाणार. आठवडाभरात टाकी धोक्यात.

आता जिवाणू किती पचवतात? मत्स्यपालनाच्या प्लांटमध्ये एक चौरस मीटर थर दिवसाला ०.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्तही पचवतो. पण तिथे पाण्यात अमोनिया जास्त असतो, म्हणजे जिवाणूंना पुढ्यात जेवण भरपूर. आपल्याला अमोनिया जवळपास शून्य हवा. म्हणून हात आखडता घेऊ, त्याचा चौथा हिस्सा धरू, ०.०५ ग्रॅम. ०.०४१ भागिले ०.०५, म्हणजे पाऊण चौरस मीटरच्या थोडं वर. एका छोट्या टेबलाएवढी जागा.

फिरणाऱ्या प्लास्टिक मीडियात एका घनमीटरला साधारण ५०० चौरस मीटर सुरक्षित पृष्ठभाग मिळतो, म्हणजे लिटरला अर्धा. आपल्याला लागला पावणेदोन लिटर. दुप्पट करा, साडेतीन लिटर. एक लिटरच्या दुधाच्या साडेतीन पिशव्या. बस्स! आणि यात वरच्या टाकीतले दगड, वाळू, काच काहीच धरलेलं नाही. तेही काम करतातच.

म्हणून "या मीडियाला लिटरमागे अमुक हजार चौरस फूट" असं पुठ्ठ्यावर वाचलं की भुलून जाऊ नका. त्या आकड्यात अतिसूक्ष्म छिद्रंही मोजलेली असतात. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, त्याहून बारीक छिद्रात तो शिरणार कसा? आणि शिरला तरी आत प्राणवायू पोचला पाहिजे ना.

खरी अडचण प्राणवायूची

एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. आता पुण्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. टाकीचं पाणी ३० अंशांवर गेलंय. त्या तापमानाला, समुद्रसपाटीवर, गोड्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. खाऱ्या पाण्यात फक्त सव्वासहा. वर पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणजे आणखी थोडा कमी. यात मासे, कोळंबी, जिवाणू सगळ्यांनी वाटून घ्यायचं.

त्यामुळे मीडिया कुठला यापेक्षा तो कुठे ठेवलाय आणि त्यातून पाणी कसं जातंय, हे जास्त महत्त्वाचं. कोपऱ्यात टाकून दिलेला महागडा ब्लॉक, ज्याच्या बाजूने पाणी निघून जातं आणि आतून जातच नाही, तो नुसता दगड आहे. वाहत्या पाण्यातला स्वस्त मीडिया त्याला कधीही मागे टाकेल.

आता एकेक पर्याय

पहिला, बायो बॉल. १९८०च्या दशकात 'वेट-ड्राय' फिल्टरचा जमाना आला तेव्हा यांची चलती होती. चेंडूंवर वरून पाणी ठिबकतं, मधे हवा खेळते, ऑक्सिजन भरपूर. अमोनिया संपवायला उत्तम. पण यांचं नाव खराब झालं, 'नायट्रेटची फॅक्टरी' म्हणून. त्यात अर्धंच तथ्य आहे. नायट्रेट कुठल्याही चालू फिल्टरमधून येणारच, तेच तर त्याचं काम. घोटाळा होतो तो बॉलच्या खाचांत घाण साठून कुजायला लागली की. वर फिल्टर फ्लॉस लावला, तो दर तीन दिवसांनी बदलला किंवा धुतला, तर बायो बॉल गुणी आहेत.

दुसरा, फिरणारं प्लास्टिक, आत्ता हिशोब केला ते. तुकडे एकमेकांवर आपटतात, जुना थर गळून पडतो, त्यामुळे तुंबत नाही. तोटे दोन. एअर पंप सतत चालू हवा, आणि आवाज येतो. बेडरूममध्ये टाकी असेल तर घरच्यांशी आधी बोलून घ्या. शिवाय हवेचे बुडबुडे फुटून मिठाचे शिंतोडे उडतात. सम्पला झाकण हवं आणि वायरचा बोर्ड त्याच्या वर, लांब.

तिसरा, सिरॅमिकच्या रिंग, ब्लॉक, सच्छिद्र काच. यांचा खरा फायदा पोटात असतो. बाहेरच्या थरातले जिवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात, आत तो कमी पडतो, आणि तिथे वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. तो उडून जातो. पण हे सगळं छिद्रं मोकळी असतील तर. वर गाळ बसला की आतलं काम थांबतं. फार जाड ब्लॉकच्या पार मधोमध पाणी कितपत पोचतं, हाही प्रश्न असतोच. म्हणून एका अजस्र ब्लॉकपेक्षा दोन-तीन पातळ फरश्या बऱ्या, अंतर ठेवून उभ्या लावलेल्या.

चौथा, आपल्या मातीतला. झिओलाइट. पुणे जिल्हा झिओलाइटसाठी जगभर प्रसिद्ध आहे. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत ही खनिजं सापडतात. इथून जवळच वाघोलीच्या दगडखाणींतलं निळं कॅव्हॅन्साइट बघायला मिळावं म्हणून परदेशातले खनिजप्रेमी जीव टाकतात, आणि तेही या झिओलाइटच्या संगतीतच सापडतं. गोड्या पाण्यात झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो. पण खाऱ्या पाण्यात सोडियम इतका प्रचंड असतो की तोच सगळ्या जागा अडवून बसतो, अमोनियाला फारशी जागा उरत नाही. जिवाणूंना बसायला दगड म्हणून ठीक. पण "अमोनिया शोषून घेईल" म्हणून खाऱ्या टाकीसाठी कोणी विकत असेल, तर हात जोडून पुढे चला.

पाचवा, ड्राय रॉक. भट्टीत किंवा साच्यात बनवलेले सच्छिद्र दगड. मला व्यक्तिशः हेच आवडतात. जिवाणूंना जागा, थोडं आतलं काम, शिवाय सम्पमध्ये बारीक किडे, कृमी यांनाही घर. दगडांच्या जोरावर टाकी चालवायची कल्पना जुनी आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या 'नैसर्गिक पद्धती'बद्दल लिहिलं होतं. जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढंच.

प्रवाळाच्या तुकड्यांबद्दल, नीट ऐका

आता त्या तिसऱ्या माणसाकडे येऊ, जो 'समुद्रातले तुकडे' आणून देणार आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी कठीण प्रवाळं आली, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखेही आले. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. जिवंत प्रवाळ असो की मेलेला सांगाडा, समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळंच अडचणीत आणणारं आहे. पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. "लाइव्ह रॉक" असं गोंडस नाव दिलं म्हणून प्रवाळाचं दगड होत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी बघा. आपल्या महाराष्ट्राकडे प्रवाळ आहेच किती? मालवणच्या आसपास थोडं, तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, खोल समुद्रात, आंग्रिया बँक. कोकणात उतरून स्नॉर्केलिंग करताना ज्याचे फोटो काढतो, तेच फोडून सम्पच्या अंधारात टाकायचं? आणि कशासाठी, तर पाऊण चौरस मीटर जागेसाठी, जी साडेतीन लिटर प्लास्टिकमध्ये मिळते!

दुकानात दगड घेताना बिल मागा. कृत्रिम आहे का, कुठून आला, लेखी विचारा. दगडावर चांदणीसारखे खळगे, मेंदूसारख्या वळ्या दिसल्या तर तो सांगाडा आहे, ठेवा परत. माशांच्या बाबतीतही तसंच. क्लाउनफिश पैदास केलेलाच मागा. आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात शोभिवंत सागरी माशांची पैदास करण्याचं काम झालंय. म्हणजे समुद्रातून उपसण्याची गरज नाही.

तर दादा, काय करू?

धानोरीच्या मित्रा, तुझ्यासाठी हे घे. पाणी खाली येतं तिथे फ्लॉस. त्याच्यापुढे स्किमर. मग एका कप्प्यात चार-पाच किलो कृत्रिम ड्राय रॉकचे मुठीएवढे तुकडे, तळाला टेकवून नाही, प्लास्टिकच्या जाळीवर, म्हणजे खालूनही पाणी फिरेल आणि साठलेला गाळ नळीने ओढता येईल. जागा उरली तर एखादी पातळ सिरॅमिक फरशी. पुढे मासे वाढवायचा विचार असेल तर तीन-चार लिटर फिरणारा मीडिया. मोठ्या ब्लॉकचे पैसे वाचव आणि चांगलं टेस्ट किट घे, बॅटरीवर चालणारा एअर पंप घे.

आणि घाई करू नकोस. साधा जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतो. हे नायट्रिफिकेशनवाले एकेक दिवस घेतात, कधी जास्त. म्हणून टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे. तोवर मासा नको. जिवाणूंना खायला अमोनियम क्लोराइड द्यायचं. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाले वापरायचे तोच. पण कल्हईचा नको, प्रयोगशाळेच्या केमिकलच्या दुकानातला शुद्ध घे. २०० लिटरला दीड ग्रॅम टाकलास की लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतं. हे टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मग पहिली जोडी आण. एकदम सगळे नाही.

सांभाळायचं कसं

मीडिया नळाखाली धुऊ नका. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच असतं, आपले-परके बघत नाही. पाणी बदलताना काढलेलं खारं पाणी बादलीत घ्या, त्यात हलक्या हाताने खळबळा. मीडिया बदलायचाच असेल तर नवा जुन्याशेजारी महिना-दीड महिना ठेवा, मगच जुना काढा.

नायट्रिफिकेशन पाण्याची क्षारता खातं. आपल्या हिशोबातल्या टाकीत बारा-तेरा दिवसांत एक डीकेएच. म्हणून ती दर आठवड्याला तपासा.

आणि वीज. गुरुवार म्हटलं की पुणेकराला पाणी आणि लाइट दोन्हीची धास्ती. लाइट गेली की पंप थांबतो, वरचं पाणी खाली उतरतं. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी हवी, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका भेटायला येतात. (हशा) बॅटरीचा एअर पंप आधी वरच्या टाकीत लावा, माशांना हवा पहिली. दुसरा असेल तर मीडियाच्या कप्प्यात. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल आणि लाइट बरेच तास गेली असेल, तर तो तसाच चालू करू नका. आतलं सडकं पाणी आधी फेकून द्या.

पुढच्या भागात सम्पमध्ये शेवाळ वाढवून नायट्रेट कसं कमी करायचं ते बघू. तुमच्या टाकीचे आकडे पाठवताना एकूण पाणी किती लिटर, दिवसाला खाद्य किती ग्रॅम, आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, क्षारता, तापमान एवढं लिहा. नुसता फोटो पाठवून "दादा, मासा सुस्त का?" विचारलंत तर मी तरी काय सांगणार! चला, फ्लॉस धुवायची वेळ झाली असेल, उठा. भेटू.